जुन्या जीपची काचेची चौकट : खरेदी आणि बसवणी

जुनी जीप घेऊन ती दुरुस्त करून विकणारे, तसेच शौकाखातर बाळगणारे लोक आपल्या भागात कमी नाहीत. इंजिन, गिअर, ब्रेक यांचा खर्च ते आधीच मनात धरतात. पुढची काच आणि ती धरून ठेवणारी, बॉनेटवर आडवी पडणारी चौकट मात्र किरकोळ बाब समजली जाते, आणि हिशेब नेमका येथेच चुकतो. चौकट दिसायला साधी आहे. चार बाजू, दोन बिजागऱ्या, दोन कड्या, यापलीकडे तिच्यात आहे तरी काय? पण ती वाकडी आली तर काच तडकते, पाणी आत येते, ताडपत्रीचे हूड बसत नाही. मग एका चौकटीपायी तीन कारागिरांचे पैसे द्यावे लागतात. म्हणून या विषयावर थोडे तपशिलाने लिहीत आहे.

आधी ही चौकट पडती का ठेवली ते पाहू, कारण तिची बनावट त्यातूनच ठरली. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकी सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी ज्या जीप बनवल्या, त्यांत काच आणि हूड खाली केले की गाडीची उंची सुमारे ५२ इंचांवर येई. गाडी झुडपाआड लपावी, जहाजात कमी जागा घ्यावी, समोर नेम धरता यावा आणि उन्हात काच चमकून शत्रूला ठिकाणा कळू नये, असे हे सारे हेतू होते. युद्ध संपले तरी शेतीच्या आणि नागरी वापराच्या जीपवर तीच रचना राहिली. आपल्याकडे या गाड्या जोडण्याचे काम चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला सुरू झाले. ज्या कंपनीने ते केले तिचे १९४५ सालचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद असे होते. यातले मलिक गुलाम मोहम्मद हे फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. आज आपल्या वर्कशॉपांत येणाऱ्या बहुतेक जुन्या जीप या घराण्यातल्या आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘जीपची काचेची फ्रेम द्या’ असे म्हणून दुकानात गेलात तर दुकानदार जी हाताला लागेल ती देईल, कारण जीप हे एका गाडीचे नाव नाही. सैन्याच्या जीपला आणि तिच्यानंतरच्या सीजे-२ए या मॉडेलला दोन काचांची चौकट असे. १९४९ साली आलेल्या सीजे-३ए ला एकच सलग काच आली, चौकटीच्या खालच्या भागात वाऱ्यासाठी झरोका आला आणि वायपर खालच्या बाजूला आले. १९५३ साली सीजे-३बी आली, तीच आपल्याकडची ‘उंच बॉनेटची’ जीप. तिच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेले, त्यामुळे इंजिन उंच झाले, बॉनेट उंच करावे लागले आणि त्यामागचा काउलही वर आला. साहजिकच काचेची चौकट बुटकी झाली. बसक्या बॉनेटच्या जीपची चौकट उंच बॉनेटच्या गाडीवर चढवली तर रुंदीला कदाचित जुळल्यासारखी वाटेल, पण गाडीचे डोके वर जाईल आणि हुडाचे पाइप, पट्टे, कापड सारेच बिघडेल.

भर म्हणून आपल्याकडच्या गाड्यांचा इतिहासही सरळ नाही. कुणाची बॉडी पंजाबात नवी ठोकलेली, कुणाचा पुढचा भाग लिलावातल्या सैनिकी गाडीचा, कुणाच्या कागदावर एक मॉडेल आणि रस्त्यावर दुसरेच. हरियाणातल्या मंडी डबवालीकडून जीप आणणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. तेव्हा आरसी बुकात काय लिहिले आहे ते पाहून चौकट मागवू नये. गाडीवर टेप धरावा आणि जे माप येईल त्यावर मागवावी.

माप कसे घ्यावे? पहिले माप काउलवरचे. दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या जिथे बोल्टने बसतात, त्या भोकांचे मध्य ते मध्य अंतर घ्यावे. दुसरे, काउलची वरची कड. ती सरळ असतेच असे नाही, मध्ये तिला हलकी गोलाई असू शकते आणि अपघात झालेल्या गाडीत ती दबलेलीही असते. यासाठी जाड पुठ्ठा कडेला धरून पेन्सिलीने तिचा आकार उतरवून घ्यावा. तिसरे, चौकटीची उंची, बिजागरीच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत, डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी. चौथे, आत ओढून बसवणाऱ्या कड्यांची जागा. पाचवे, काचेच्या उघड्या जागेचे दोन्ही कर्ण. हे सारे कागदावर लिहावे, तोंडी ठेवू नये. मिस्त्री मंडळी इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. कापडवाल्याचा जन्म सुतातच जातो, पण हे सूत वेगळे. येथे दोन सुतांचा फरक राहिला तर बोल्ट भोकात जाणार नाही, आणि मग ड्रिलने भोक लांबवण्याचा मोह होतो. लांबवलेल्या भोकात चौकट रस्त्यावर सरकत राहते. तो मोह आवरावा.

जुनी चौकट काढण्यापूर्वी आणखी एक विचार करावा : ती बदलायलाच हवी का? या चौकटी बहुधा खालच्या बाजूने गंजतात. काचेभोवतीचे रबर कडक होते, त्याच्या फटीतून पाणी उतरते आणि खालच्या पट्टीत साठून राहते. पाणी बाहेर जाण्याची बारीक भोके कोणीतरी रंगाने किंवा पुट्टीने बुजवलेली असतात. अशा चौकटीच्या उभ्या बाजू आणि वरची पट्टी ठणठणीत असेल तर फक्त खालचा भाग कापून नवा घालता येतो. मात्र कापण्यापूर्वी आतून एक आडवा आणि दोन तिरपे पाइप तात्पुरते टाके मारून बसवावेत. नाहीतर खालची पट्टी निघताच दोन्ही पाय पसरतात आणि मूळ माप कायमचे हरवते. वेल्डिंगही सलग न करता थोडे इकडे, थोडे तिकडे, पत्रा थंड होऊ देत करावे. पातळ पत्र्याला एका जागी उष्णता मिळाली की तो ओढला जातो. याउलट बिजागरीचे कान तडकले असतील, चौकटीला पीळ पडला असेल किंवा उभ्या बाजूही पोखरल्या असतील, तर दुरुस्तीत पैसा घालू नये. मजुरी नव्या चौकटीएवढी होईल आणि हाती जुनीच चीज राहील.

नवी चौकट घ्यायची झाली तर बाजारात दोन प्रकारचा माल मिळतो. एक, जुन्या गाडीवरून काढलेला मूळ माल आणि दुसरा, नव्याने ठोकलेली नक्कल. मूळ माल मुंबईत चोरबाजार, कुर्ल्याचे भंगारवाले, दिल्लीत मायापुरी अशा ठिकाणी हिंडून मिळवावा लागतो. नव्या मालासाठी दिल्लीचे काश्मिरी गेट, पुण्याची नाना पेठ हे सुट्या भागांचे जुने बाजार आहेत. नक्कल म्हणजे वाईट असे मुळीच नाही. चांगल्या कारखान्याची नक्कल गंजक्या मूळ चौकटीपेक्षा केव्हाही बरी. पण विकताना नक्कल ही नक्कल म्हणूनच विकावी आणि बिलावर तसे लिहावे. जुन्या गाड्यांचा शौकीन गिऱ्हाईक आज ना उद्या जाणकाराला गाडी दाखवतोच.

माल पाहताना काळ्या रंगावर भुलू नये. नव्या चौकटीवरचा काळा रंग बहुधा वाहतुकीपुरता असतो, त्याखाली काय आहे ते पाहावे. खिशात लहान लोहचुंबक ठेवावा, त्याला पातळ कापड गुंडाळावे आणि चौकटीभर फिरवावे. जिथे पकड ढिली पडते तिथे पुट्टी भरलेली आहे असे समजावे. पत्र्याची जाडी विचारावी. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेज साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज १.२ आणि २० गेज ०.९ मिलिमीटरच्या आसपास असतो. आमच्या धंद्यात सुताचा काउंट वाढला की धागा बारीक होतो, तसाच हा हिशेब. नवखा माणूस मोठा आकडा ऐकून खूश होतो आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. जुन्या चौकटीचा शाबूत तुकडा मोजून त्याच जाडीचा माल मागावा.

दुकानातच पीळ तपासता येतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणाव्यात. मध्यभागी त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. मग वरची दोरी खाली घेऊन पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा सारखेच दिसले तर चौकट सपाट आहे. एका वेळी फट दिसली आणि दुसऱ्या वेळी एक दोरी दुसरीला दाबू लागली तर पीळ आहे, आणि पीळ असलेल्या चौकटीत काच आज ना उद्या तडकणारच. सपाट काच वाकत नाही, तिला दुसरा मार्गच नसतो. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत. एका सुताचा फरक रबर सांभाळून घेईल, त्याहून जास्त असेल तर माल परत करावा.

दूर गावाहून मागवायचे असेल तर पुठ्ठ्याचा साचा आणि मापाचा कागद आधी पाठवावा आणि एक गोष्ट पैसे देण्यापूर्वीच लेखी ठरवावी : माप जुळले नाही तर परतीचे भाडे कोणाचे? चौकट ही आकाराने मोठी आणि वाटेत वाकणारी वस्तू आहे. लाकडी फळ्यांत बांधून आली नाही तर तपासल्याशिवाय पोच देऊ नये.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरीची ऋण बाजूची तार आधी सोडावी, कारण वायपरची मोटर चौकटीवर असते. काही जुन्या गाड्यांत वायपर इंजिनच्या ओढीवर म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो, तिथे तारेऐवजी रबरी नळी असते. ती काढली की इंजिनकडचे तोंड बंद करावे, नाहीतर इंजिन त्या वाटेने हवा ओढत राहील. हुडाचे कापड वरच्या पट्टीतून मोकळे करावे. बिजागरीच्या कडेने काउलवर खडूने किंवा टोकदार खिळ्याने खूण करावी आणि बिजागरीखाली वायसर किंवा पत्र्याचे तुकडे निघाले तर ते डावे-उजवे वेगळे ठेवावेत. कारखान्यातल्या किंवा आधीच्या मिस्त्रीने तफावत भरून काढण्यासाठी घातलेले ते तुकडे पोरे कचऱ्यात टाकतात आणि मग दिवसभर चौकट एका बाजूला का झुकते याचा शोध चालतो.

काच वाचवायची असेल तर ती आधी काढावी. कडक झालेले रबर ओढत बसू नये, पात्याने कापून टाकावे. रबर स्वस्त आहे, काच महाग. नंतर बिजागरीचे बोल्ट. त्यांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे. जोर लावून बोल्ट तुटला तर आतला आटा खराब होतो आणि काम दुप्पट होते. या गाड्यांचे मूळ बोल्ट इंची आट्याचे आहेत. हल्ली दुकानात मिलिमीटरचे बोल्ट सहज मिळतात, ते दोन फेरे जातातही, पण तिसऱ्या फेऱ्याला आटा कापतात. नवा बोल्ट बोटांनी पूर्ण फिरला तरच तो योग्य. आणि हे काम एकट्याने करू नये. बोल्ट सुटताना चौकट धरायला दुसरा माणूस हवाच.

नवी चौकट लगेच रंगवू नये, काचही घालू नये. बोल्ट हातानेच घट्ट करून ती कोरडी बसवावी. आतल्या कड्या ओढाव्यात. खालचे रबर तात्पुरते घालून पाहावे, ते दोन्ही टोकांना सारखे दाबले जाते का? मग चौकट बॉनेटवर आडवी करावी. बॉनेटवर तिला टेकण्यासाठी लाकडी किंवा रबरी ठोकळे असतात. चौकट त्या ठोकळ्यांवरच टेकली पाहिजे, पत्र्यावर किंवा वायपरवर नव्हे. असे आठ-दहा वेळा वर-खाली करावे. शेवटी हूड चढवून पाहावे, कारण हुडाच्या ताणाने चौकट मागे ओढली जाते आणि जी फट आधी नव्हती ती तेव्हा दिसते. सर्व जुळले की बोल्ट पक्के करून खुणा कराव्यात, पुन्हा सर्व उतरवावे आणि मग रंगाला द्यावी. मालकाला हा उलटसुलट खटाटोप वाटतो. पण रंगवलेली चौकट पुन्हा ठोकावी लागणे हे त्याहून महाग पडते. रंगाआधी पुट्टी कमी, प्रायमर नीट, खालच्या पट्टीच्या आत गंजरोधक मेण किंवा तेल, आणि पाण्याची भोके मोकळी, एवढे पाहावे.

काच सर्वांत शेवटी. चौकट गाडीवर बसल्यानंतर तिच्या उघड्या जागेचा हार्डबोर्डचा साचा कापावा, रबरासाठी चारही बाजूंनी सुमारे ३ मिलिमीटर जागा सोडावी (रबराच्या खाचेप्रमाणे यात थोडा फरक पडतो) आणि तो साचा काचवाल्याला द्यावा. या जीपची काच सपाट असते हे आपले भाग्य. सपाट लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट पडदा असलेली, गावातला कसबी काचवालाही कापून देऊ शकतो. टफन्ड काच मात्र एकदा तयार झाली की कापता येत नाही, कापायला गेलात तर तिचे दाणे होतात. साधी खिडकीची काच तर कोणी फुकट दिली तरी पुढे लावू नये. दगड लागला तर तिचे सुरे होतात आणि ते थेट चेहऱ्यावर येतात. काही ठिकाणी ‘जीपला काय कळते’ म्हणून खिडकीची काच सर्रास लावतात, तो गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आहे. आयएस २५५३ हे सुरक्षा-काचेचे भारतीय मानक आहे, त्याची खूण काचेवर पाहावी. कापल्यावर खूण कोपऱ्यात शिल्लक राहील असे काचवाल्याला आधीच सांगावे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड पार झाला पाहिजे, तेव्हा गडद रंगाचा शौक येथे चालणार नाही.

रबराच्या खाचेतून काच बसवताना आतल्या ओठात मजबूत दोरी गुंडाळतात. काच बाहेरून दाबत दोरी आतून हळूहळू ओढली की ओठ चौकटीवर चढतो. घसरण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे. तेल किंवा ग्रीस लावल्यास काम झटपट होते, पण रबर फुगून सडते. दोन तास थांबून वरून पाण्याचा पाइप धरावा आणि आत एकाने कागद घेऊन बसावे. कागद जिथे भिजेल तिथे रबर उचलून सीलंट भरावे.

हिशेब देताना चौकट, काच, रबर, बोल्ट-बिजागरी, रंग आणि मजुरी अशा वेगवेगळ्या ओळी लिहाव्यात. ठोक आकडा सांगितला की काच दुसऱ्यांदा कापावी लागल्यास वाद होतो. माप गिऱ्हाइकाने दिले असेल तर तसे लिहावे, आपण घेतले असेल तर तसे.

पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम काढले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशाच कामांसाठी ती चालवता येते. माझ्या मते त्याच नमुन्याची पडती चौकट बसवणे ही दुरुस्ती आहे, परंतु चौकट काउलला कायमची वेल्ड करणे किंवा दुसऱ्याच मॉडेलची उंच चौकट चढवणे हा फेरफार ठरू शकतो. अशा नोंदणीचा विचार असलेल्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगावे, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो काढून बिलासोबत द्यावेत.

गाडी देताना मालकाला कड्या लावून दाखवाव्यात. चौकट आडवी ठेवून चालवायचे असेल तर तिचा पट्टा बॉनेटच्या कडीत अडकवलाच पाहिजे, नाहीतर खड्ड्यात ती उसळते. पट्टा असला तरी डोळ्यांवर चष्मा नसेल तर रस्त्यावर असे चालवू नये, एक खडा पुरे होतो. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर बिजागरीचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतात, त्यासाठी गाडी परत आणायला सांगावे. आणि ती पुन्हा येऊन जाईपर्यंत जुनी चौकट भंगारवाल्याला देऊ नये. काही जुळले नाही तर मूळ माप दाखवणारी तीच एक वस्तू उरलेली असते.